परवलीचा शब्द आणि किल्ली

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी संगणकाच्या कुलूपकिल्लीवर लेख लिहावा, हे संपादक मंडळाला थोडे अनपेक्षित वाटले असेल. माझ्याकडून शाळेच्या जडणघडणीचा आढावा किंवा एखाद्या ऐतिहासिक प्रसंगावरील टिपण अपेक्षित असणार. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या शाळेत एक छोटी गोष्ट घडली. तिच्यात विश्वास, पुरावा आणि जबाबदारी हे तिन्ही प्रश्न एकत्र आले, आणि या तिन्ही प्रश्नांशी इतिहासाच्या अभ्यासकाचा रोजचा संबंध असतो. म्हणून हे धाडस.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी अलीकडे ग्रंथालय पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. संदर्भग्रंथांच्या कपाटावर पत्त्यांच्या कॅटएवढी एक डबी ठेवलेली असते. तिच्यातून एक वायर विजेच्या बटणाकडे आणि दुसरी नेटवर्कच्या पेटीकडे जाते. तिला पडदा नाही, कळफलक नाही, माऊस नाही. तरीही तो पूर्ण संगणक आहे. त्याचे नाव रास्पबेरी पाय. इंग्लंडमधील केंब्रिज येथे, मुलांना स्वस्तात संगणक हाताळता यावा या हेतूने तो विकसित झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. मूळ पट्टी साधारण ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद, म्हणजे बँकेच्या कार्डाएवढी. त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली चालते आणि सारा साठा नखाएवढ्या मेमरी कार्डावर राहतो.

आपल्या डबीत दोन प्रकारचा ऐवज आहे. पहिला म्हणजे किविक्स या प्रणालीच्या साहाय्याने साठवलेला विकिपीडिया. इंटरनेट बंद असले तरी वसतिगृहातील मुले संगणक कक्षातून तो वाचू शकतात. दुसरा ऐवज अधिक मोलाचा आहे, कारण तो जगात दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकांची पाने, स्नेहसंमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका आणि जुन्या तुकड्यांची छायाचित्रे त्यात आहेत. त्यांपैकी कित्येक छायाचित्रे आपणच ट्रंकेच्या तळातून शोधून पाठवली होती. वाचण्यासाठी आणि पाहण्यासाठी हा ऐवज सर्वांना खुला आहे. त्याला कुलूप नाही, आणि नसावेच. मात्र नवे छायाचित्र घालणे, नोंद दुरुस्त करणे, प्रणाली अद्ययावत करणे या कामांसाठी डबीच्या आत जावे लागते. पडदा नसल्यामुळे दुसऱ्या संगणकावर बसून नेटवर्कवरून आत शिरावे लागते. या दूरस्थ प्रवेशाला एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल, म्हणतात. प्रारंभी आपण हा प्रवेश पासवर्डने करीत होतो. खातेही एकच आणि पासवर्डही एकच.

पासवर्डला मराठीत 'परवलीचा शब्द' असा जुना आणि अर्थवाही शब्दप्रयोग आहे. तो पहारेकऱ्यांच्या व्यवहारातून आला. रात्रीच्या अंधारात समोरचा माणूस आपला की परका, हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून ठरलेला शब्द विचारायचा. ज्याला शब्द ठाऊक, तो आपला. या व्यवस्थेतील उणीव तिच्या व्याख्येतच आहे. परवलीचा शब्द माणूस ओळखत नाही. तो फक्त 'याला शब्द ठाऊक आहे' एवढेच सांगतो. शब्द कानावर पडला की तो ऐकणाऱ्याचाही होतो, आणि एकदा दिलेला शब्द परत घेता येत नाही. मग एकच उपाय उरतो. सगळ्यांसाठी शब्द बदलायचा आणि सगळ्यांना नव्याने सांगायचा.

आपल्या डबीचा परवलीचा शब्द सहासात जणांना ठाऊक होता, निदान आमच्या गणतीप्रमाणे. एके दिवशी सकाळी जुन्या तुकड्यांच्या छायाचित्रांचा संपूर्ण फोल्डर नाहीसा झालेला आढळला. इतिहासाच्या माणसाला एकाच प्रतीवर विसंबण्याची सवय नसते. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर कपाटात बंद होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत छायाचित्रे जागेवर आली. वस्तू परत मिळाली, पण प्रश्न सुटला नाही. नोंदवहीत एवढेच होते की आदल्या रात्री संगणक कक्षातून कोणीतरी आत आले होते. खाते तेच, पासवर्ड बरोबर.

चर्चा सुरू झाली आणि थोड्याच वेळात ती एका मुलाभोवती फिरू लागली. तो दहावीत होता. संगणकाचे त्याला उपजत आकर्षण होते. बिघडलेली यंत्रे तोच सुरू करून देत असे. "एवढे दुसऱ्या कोणाला कळते?" असे एकाने म्हटले आणि बाकीच्यांनी मान हलवली. या वाक्याचा मला त्रास झाला. कौशल्य हाच पुरावा मानला, तर वसतिगृहात शिकून काही मिळवणाऱ्या प्रत्येक मुलाला संशयाची किंमत मोजावी लागेल. मी बैठकीत एवढेच म्हणालो की ज्या कागदावर सही नाही, ज्याचा लिहिणारा ठरवता येत नाही, तो कागद आम्ही कोणाविरुद्ध वापरत नाही. विषय थांबला, मात्र संशय थांबला नाही. दोन दिवसांनी तो मुलगा माझ्याकडे आला.

"सर, मी केले नाही. पण मी केले नाही हे दाखवायला माझ्याजवळ काहीच नाही."

फोल्डर कोणी काढला, हे अखेरपर्यंत कळले नाही. कदाचित कोणीही मुद्दाम काढला नसेल. परंतु त्या मुलाचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. सर्वांना ठाऊक असलेला शब्द चोरट्याला लपवतो, हे आपण नेहमी ऐकतो. तो निर्दोष माणसालाही निःशस्त्र करतो, हे त्या दिवशी समोर उभे राहिले.

पुढे वाचन करताना लक्षात आले की हे दुखणे संगणकाच्या जन्मापासूनचे आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६०च्या दशकाच्या आरंभी फर्नांडो कॉर्बेटो यांच्या नेतृत्वाखाली अनेकांनी एकच संगणक वाटून वापरण्याची प्रणाली तयार झाली आणि प्रत्येकासाठी पासवर्ड ठेवण्यात आला. १९६२ साली तेथील संशोधक अ‍ॅलन शेर यांना मिळालेला वेळ पुरेना, तेव्हा त्यांनी पासवर्डची संपूर्ण यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने वेळ वापरला. अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच ते सांगितले. पुढे १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून उघड जाणारे पासवर्ड कोणीतरी टिपून घेतले. त्या प्रकारानंतर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी सारे संभाषण गूढलिपीत बांधून नेणारी एसएसएच ही प्रणाली लिहिली. आज जगभर वापरात असलेली तिची मुक्त आवृत्ती, ओपनएसएसएच, १९९९ साली आली. या प्रणालीत पासवर्डला पर्याय आहे. तो पर्याय म्हणजे किल्लीची जोडी.

ही कल्पना वर्गात समजावताना मला मराठा काळातील कागदपत्रांचा उपयोग होतो. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब उमटवलेले असे. त्यावरूनच आपला 'शिक्कामोर्तब' हा शब्द आला. ठसा सर्वांनी पाहावा, ओळखावा, जपून ठेवावा. तो उघडच असतो. ज्या शिक्क्यातून तो उमटतो, तो शिक्का मात्र धन्याच्या हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही. किल्लीच्या जोडीत असेच दोन भाग असतात. सार्वजनिक किल्ली ठशासारखी असते. ती कोणालाही द्यावी, फळ्यावर लिहावी, तरी चालते. खासगी किल्ली शिक्क्यासारखी असते. ती ज्याच्या संगणकात तयार झाली तेथेच राहते.

ही तुलना एका ठिकाणी थांबते, आणि तेथेच या शोधाचे महत्त्व आहे. कुशल कारागीर ठसा पाहून खोटा शिक्का कोरू शकत असे. वतनांच्या तंट्यांत बनावट कागद पुढे आणले जात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. येथे ठशावरून शिक्का कोरता येत नाही, कारण दोघांमधील नाते गणिताचे आहे. खासगी किल्लीवरून सार्वजनिक किल्ली काढणे सोपे असते, मात्र उलट दिशेने जाणे आजच्या संगणकांना व्यवहारात अशक्य आहे. आत येऊ पाहणारा संगणक त्या भेटीपुरत्या माहितीवर खासगी किल्लीने सही करतो आणि डबी आपल्याजवळच्या सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळते. खासगी किल्ली नेटवर्कवरून कोठेही जात नाही. प्रत्येक भेटीची सही वेगळी असल्याने वाटेत कोणी ती टिपली, तरी पुढच्या भेटीला तिचा उपयोग नाही.

व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली हा विचार जगापुढे मांडला. परंतु ब्रिटनच्या एका गुप्त सरकारी संस्थेत जेम्स एलिस यांना त्याचे मूलतत्त्व १९७०मध्येच सुचले होते, आणि १९७३मध्ये क्लिफर्ड कॉक्स यांनी त्याला गणिती रूप दिले होते. गोपनीयतेच्या नियमामुळे दोघांनाही ते सांगता आले नाही. डिसेंबर १९९७मध्ये ही हकिकत प्रसिद्ध झाली. एलिस त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये, निवर्तले होते. श्रम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न इतिहासात वारंवार भेटतो. येथेही तो भेटला.

परीक्षा आटोपल्यावर मी त्या मुलाला बोलावले आणि ही व्यवस्था आपण दोघांनी मिळून उभारू, असे सुचवले. तो गप्प राहिला. त्या प्रकारानंतर तो डबीच्या आसपास फिरकत नव्हता. मग त्याने विचारले, "सर, किल्ली माझ्या नावाची झाली, तर उद्या काही बिघडले की माझेच नाव निघेल ना?"

मी म्हणालो, "तू आत आला असशील तर निघेल. दुसरा आला असेल तर त्याचे निघेल, तुझे नाही."

त्याने क्षणभर विचार केला आणि खुर्ची ओढून तो बसला.

कृती थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी काहींच्या घरी किंवा संस्थेत अशी डबी असेल. आज्ञा रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. पहिली पायरी ज्या संगणकावरून आत जायचे आहे त्यावर करायची, डबीवर नाही. 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा देऊन 'ईडी२५५१९' या प्रकाराची जोडी मागायची. संगणक दोन फाइली तयार करतो. ज्या फाइलच्या नावाअंती 'पब' असते ती सार्वजनिक, दुसरी खासगी. याच वेळी खासगी किल्लीसाठी एक वाक्यांश विचारला जातो. तो रिकामा सोडता येतो, पण सोडू नये. किल्लीची फाइल कोणी उचलून नेली, तरी वाक्यांशावाचून ती निरुपयोगी ठरते. प्रत्येक वेळी तो टंकण्याचा कंटाळा येत असेल, तर 'एसएसएच-एजंट' हा सेवक, आपण काम करीत असेपर्यंत, उघडलेली किल्ली सांभाळतो.

दुसरी पायरी सार्वजनिक किल्ली डबीत पोहोचवण्याची. लिनक्सवर 'एसएसएच-कॉपी-आयडी' ही आज्ञा ते काम करते. या वेळी जुना पासवर्ड एकदा द्यावा लागतो. किल्ली डबीतील 'ऑथोराइज्ड कीज' नावाच्या फाइलमध्ये एका ओळीच्या रूपाने जाऊन बसते. ही फाइल दुसऱ्या कोणाला लिहिता येऊ नये, अशी अट असते. म्हणून तिचा परवाना ६०० आणि ती ज्या फोल्डरमध्ये असते त्याचा ७०० ठेवायचा. तो सैल असेल, तर डबी किल्ली मुकाट्याने नाकारते, आणि कारण न कळल्याने माणूस तासभर चरफडतो.

पहिल्यांदा आत जाताना डबी स्वतःचाही एक ठसा दाखवते आणि 'हीच ती का?' असे विचारते. बहुतेक जण न वाचता होकार देतात. आम्ही डबीला एकदा पडदा जोडून तिचा खरा ठसा वहीत उतरवून घेतला होता. त्या मुलाने दोन्ही ठसे अक्षर अक्षर ताडून पाहिले आणि मगच होकार दिला. दार पाहुण्याची ओळख विचारते, तशी पाहुण्यानेही दाराची विचारावी, हा यातील अर्थ. पुढे कधी हा ठसा बदलला, तर संगणक मोठा इशारा देतो. कार्ड नव्याने भरले असेल तर तो स्वाभाविक आहे, अन्यथा थांबून चौकशी करावी.

तिसरी आणि शेवटची पायरी पासवर्डचे दार बंद करण्याची. किल्लीने प्रवेश मिळतो याची खात्री झाल्यावर डबीच्या मांडणीच्या फाइलमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' यापुढे 'नो' लिहायचे आणि सेवा पुन्हा सुरू करायची. हे करताना आधीची उघडी खिडकी बंद करू नये. दुसरी खिडकी उघडून किल्लीने आत जाता येते का, हे आधी पाहावे. अडचण आली तर पहिल्या खिडकीतून बदल मागे घेता येतो. हा बदल झाल्यावर आमच्या डबीला नेटवर्कवरून पासवर्ड विचारताच येईनासा झाला, आणि सहासात जणांना ठाऊक असलेला शब्द त्या दारापुरता निरर्थक ठरला.

आता 'ऑथोराइज्ड कीज'ची ती फाइल माझ्या दृष्टीने हजेरीपत्रक आहे. प्रत्येक ओळ एका किल्लीची आणि ओळीच्या शेवटी तिच्या धन्याचे नाव. कोणी आत आले की डबीच्या नोंदवहीत त्या किल्लीचा ठसा उमटतो. खाते एकच असले तरी आलेली किल्ली कोणती, हे कळते. कोणी शाळा सोडली, तर त्याची एक ओळ खोडायची. बाकीच्यांना काहीही बदलावे लागत नाही. प्रत्येकाला वेगळे खाते दिले, तर 'आत जाऊन काय केले' हेही अधिक नीट वेगळे करता येते. त्याच वर्षी आम्ही तेही केले, आणि प्रत्येक खात्यात त्याच्या धन्याचीच किल्ली ठेवली.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कोणी आपली खासगी किल्ली आणि वाक्यांश दोन्ही मित्राला दिले, तर गणित त्याला अडवू शकत नाही. कोणी मेमरी कार्डच काढून नेले, तर त्यातील छायाचित्रे दुसऱ्या संगणकावर वाचता येतील. म्हणून कपाटाला आणि ग्रंथालयाला खरे लोखंडी कुलूप लागतेच. किल्लीने प्रवेश केलेला माणूसही चुकून फोल्डर काढू शकतो, म्हणून दुसरी प्रत लागतेच. एक किल्ली हरवली म्हणून सारे दार बंद पडू नये, यासाठी दुसऱ्या माणसाची किल्ली आत असावी लागते. शिवकाळातील गडाचा कारभार आपण वर्गात शिकवतो. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन समान दर्जाचे अधिकारी तेथे असत. गड एका माणसाच्या मर्जीवर राहू नये, हा त्यामागील विचार. आपल्या डबीतही आज तीन किल्ल्या आहेत: एक माझी, एक ग्रंथपाल बाईंची आणि एक विद्यार्थी प्रतिनिधीची.

विद्यार्थ्याची किल्ली दरवर्षी बदलते. तो मुलगा शाळा सोडून गेला त्या दिवशी दाखला घेण्याआधी ग्रंथालयात आला. पुढच्या वर्षासाठी निवडलेल्या नववीतील मुलीची किल्ली त्याने आत घातली, तिच्याकडून एकदा प्रवेश करवून घेतला आणि मग स्वतःच्या नावाची ओळ स्वतः खोडली. त्याचा सबंध कार्यकाळ नोंदवहीत आहे. प्रत्येक भेटीची तारीख आणि वेळ तेथे आहे. आधीच्या त्या रात्रीबद्दल ती वही काहीच सांगू शकत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक रात्रीबद्दल मात्र तिचे उत्तर स्पष्ट आहे. ती मुलगी आता दहावीत आहे आणि तिने आठवीतील दोघांना शिकवायला घेतले आहे.

माझ्या निवृत्तीला आता फार वर्षे उरलेली नाहीत. सेवानिवृत्तीच्या वेळी चार्ज देताना शिक्षक कपाटाच्या किल्ल्या, नकाशे, डेड स्टॉक रजिस्टर असे सारे मोजून देतो आणि पावती घेतो. मी त्या यादीत आणखी एक बाब लिहून ठेवली आहे: 'ग्रंथालयातील संगणकाच्या प्रवेशयादीतून माझे नाव कमी करणे.' माझ्या जागी येणारी व्यक्ती आपली किल्ली स्वतः तयार करील. माझी तिला देण्याची गरज नाही, आणि देऊही नये. तोवर आपल्या ट्रंकेत आणखी छायाचित्रे असतील, तर ती जरूर पाठवावीत. मागे तारीख आणि ओळखता येतील तेवढी नावे लिहावीत. ती कोणी, केव्हा आत ठेवली, याची नोंद आता आपल्या शाळेत राहते.